१८४व्या जागेवरचा बदल

एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना सतत चुकतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र औषधाला दाद न देणारी निघते. विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरात १८४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले, की लॅमिव्हुडिन या औषधाचा जोर जवळजवळ संपतो. गंमत अशी, की याच बदलाने विषाणू दुबळाही होतो आणि टेनोफोव्हिर हे दुसरे औषध त्याच्यावर अधिक चालते.

असे बारकावे एकट्या डॉक्टरला कळणे अशक्य. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९८मध्ये सुरू केलेला, सर्वांना मोफत खुला असलेला माहितीसंच आहे. त्यात जगभरच्या विषाणूंचे जनुकीय क्रम, रुग्णांनी घेतलेली औषधे आणि प्रयोगशाळेतले निष्कर्ष एकमेकांशी जोडलेले आहेत. आपल्या रुग्णाच्या विषाणूचा क्रम त्यात भरला, की कोणते औषध कितपत चालेल याचा अंदाज मिळतो.

अशा बदलांवरचे सुरुवातीचे बरेचसे संशोधन विषाणूच्या अमेरिका-युरोपातल्या ‘बी’ उपप्रकारावर झाले. भारतात प्रामुख्याने ‘सी’ आढळतो, आणि टेनोफोव्हिरला निष्प्रभ करू शकणारा के६५आर हा बदल त्यात अधिक सहज घडतो. म्हणून इथले क्रम त्या संचात पोहोचणे मला फार महत्त्वाचे वाटते. नाहीतर आपल्या रुग्णाच्या उपचाराचा निर्णय दुसऱ्याच विषाणूच्या अनुभवावर घेतला जाईल.