आतड्यांचा हा आजार खेड्यात नसतोच, की मोजलाच जात नाही? बुलढाण्याच्या निमित्ताने समजून घ्या आयबीडीचं गणित

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं देशभरच्या बातम्यांत आली. आरोग्य विभागापाठोपाठ आयसीएमआरचं पथकही गावांत पोचलं. पाण्याचे, रक्ताचे नमुने घेतले गेले.

टक्कल सगळ्यांना दिसतं. एकाच आठवड्यात दहा-वीस जणांना पडलं, तर गाव हादरतं आणि यंत्रणा हलते. पण काही आजार एका घरात एक, चार गावं सोडून दुसरा, असे विखुरलेले असतात. शिवाय त्यांची लक्षणं अशी की माणूस घरातही मोकळेपणाने बोलत नाही. आयबीडी, म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह, हा त्यातलाच एक.

आयबीडी म्हणजे काय?

यात मुख्यतः दोन आजार येतात. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या थराला सूज येते, जखमा होतात. संडासवाटे रक्त आणि आव पडते. दुसरा क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो, पण बऱ्याचदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो. त्यात पोटात कळा येतात, वजन उतरतं, ताप येतो. पुढे आतडं अरुंदही होऊ शकतं.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. आनुवंशिकता, आतड्यांतले जिवाणू, आहार आणि राहणीमान यांच्या गुंतागुंतीतून शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो. पूर्ण बरा होत नसला तरी औषधांनी आटोक्यात राहतो. अट एकच, निदान वेळेवर व्हायला हवं.

भारतात किती रुग्ण आहेत?

आयबीडी हा युरोप-अमेरिकेतला आजार आहे, असं अनेक वर्षं मानलं जायचं. 1992 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरशायर भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा या समजाला धक्का बसला. तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण युरोपीय वंशाच्या रहिवाशांपेक्षा जास्त निघालं.

मग पंजाबमध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. 51,910 लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे 23 रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे 44. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरीकडे, जगभरच्या आजारांचा अंदाज मांडणाऱ्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' प्रकल्पानुसार 2019 मध्ये भारतात आयबीडीचे सुमारे 2.7 लाख रुग्ण होते. लोकसंख्येशी ताडून पाहिलं, तर हे प्रमाण लाखामागे जेमतेम 20 येतं.

म्हणजे पंजाबात दार ठोठावून शोधलं तेव्हा दोनपैकी एकाच आजाराचे जितके रुग्ण निघाले, त्याच्या निम्मेसुद्धा या अंदाजात दोन्ही मिळून नाहीत.

हे आकडे बुलढाण्याला लावले तर?

2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार आहे. जागतिक अंदाजाचा दर लावला तर सुमारे 500 रुग्ण होतात, पंजाबचा लावला तर साडेअकराशेच्या आसपास.

पण यातला कोणताही आकडा बुलढाण्याचा म्हणून सांगता येणार नाही. पंजाबचा आहार वेगळा, पाणी वेगळं, लोकांची जनुकीय ठेवण वेगळी. त्यामुळे प्रमाण कमीही असू शकतं, जास्तही.

पण खेड्यात हा आजार असतो का?

हैदराबादच्या एआयजी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न तपासला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पोटाच्या तक्रारी असलेले 30 हजारांहून जास्त रुग्ण होते. शहरी गट मोठा होता आणि तेलंगणातल्या ग्रामीण भागातला गट बराच लहान. तरीही दोन्हीकडे आयबीडीचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपासच आढळलं.

इथे एक गफलत टाळायला हवी. हे 5 टक्के पोटाचं दुखणं घेऊन आलेल्या रुग्णांतले आहेत, सगळ्या लोकसंख्येतले नाहीत. पण 'हा शहरातल्या लोकांचा आजार' ही समजूत मात्र त्यामुळे टिकत नाही.

मोजणीत रुग्ण हरवतो कुठे?

पहिली गळती घरातच होते. रक्त पडलं की मूळव्याध समजून घरगुती उपाय सुरू होतात. दुसरी गळती तपासणीत. आयबीडीचं निदान करायला दुर्बिणीने आतडं पाहावं लागतं, तुकडा काढून तपासावा लागतो. ही सोय सहसा मोठ्या शहरात असते. बुलढाण्याचा रुग्ण अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरला गेला, तर त्याची नोंदही तिथल्याच रुग्णालयात राहते.

तिसरी गळती सर्वात घातक, ती म्हणजे टीबीशी होणारी गल्लत. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स बऱ्याचदा एकाच जागी होतात. लक्षणं सारखी, दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमाही मिळत्याजुळत्या. उपचार मात्र उलट दिशेचे आहेत. टीबी असताना क्रोन्सची स्टिरॉइड्स दिली तर टीबी बळावतो. क्रोन्स असताना टीबीची औषधं देत राहिलं तर महिने वाया जातात आणि आतडं अरुंद होत जातं. निदान पक्कं होत नसेल तर अनेक डॉक्टर आधी टीबीचे उपचार सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात. जखमा भरल्या नसतील तर निदानाचा फेरविचार होतो. रुग्ण या दुसऱ्या तपासणीला आलाच नाही, तर सगळं तिथेच अडतं.

याचा परिणाम आकड्यांवरही होतो. 2012 पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक आहे. आयबीडीला असा नियम नाही. त्यामुळे क्रोन्सचा रुग्ण चुकून टीबीचा ठरला, तर तो आयबीडीच्या मोजणीतून गळतो आणि टीबीच्या यादीत मात्र एकाची भर पडते.

मोजल्याने काय होईल?

रुग्ण आहेत हे कागदावर आलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीची सोय आणि पोटविकारतज्ज्ञाचं पद मागायला आधार मिळतो. बुलढाण्यात 2024 मध्ये 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं आहे. अशा ठिकाणी रुग्णांची नोंदवही ठेवली गेली, तर जिल्ह्याचा स्वतःचा आकडा हळूहळू उभा राहू शकतो.

तोवर प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी खूण: चार आठवड्यांहून जास्त जुलाब, संडासात रक्त, रात्री झोपेतून उठवणारी घाई, उतरत जाणारं वजन. यातलं काही असेल तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावं. आणि टीबीचे उपचार सुरू झाले असतील, तर ते स्वतःहून न थांबवता पुढची तपासणी कधी, एवढं डॉक्टरांना नक्की विचारावं.