ओला फ्लास्क, ओली ब्युरेट
अनुमापनाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : फ्लास्क ओला असला तर चालेल का?

समजा, पिपेटने ५ मिलिलिटर व्हिनेगर फ्लास्कमध्ये घेतले, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. ब्युरेटमधून ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडताना ८ मिलिलिटरला फिकट गुलाबी रंग टिकला. एक मोल ॲसेटिक आम्लाला एक मोल अल्कली लागते. म्हणून व्हिनेगरची तीव्रता ८ × ०.५ ÷ ५ = ०.८ मोलर, म्हणजे लिटरला ४८ ग्रॅम आम्ल.

फ्लास्कमधल्या शुद्ध पाण्याने आम्लाचे रेणू कमी होत नाहीत. उत्तर तेच येते. ब्युरेटमधले पाणी मात्र अल्कली विरळ करते. मग ती जास्त लागते आणि व्हिनेगर उगीचच तीव्र ठरते. म्हणून ब्युरेट शेवटी अल्कलीनेच विसळावी. दोन्ही प्रकार वर्गात करून पाहा.