खत कोणते, आणि कोणाच्या शेतासाठी?

सेंद्रिय खतांची तुलना करताना बहुधा नत्राचे प्रमाण पुढे केले जाते. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, चांगल्या गांडूळखतात एक ते दीड टक्का, निंबोळी पेंडीत पाच टक्क्यांच्या जवळपास. आकडे खरे आहेत. पण केवळ त्यांवरून निवड केली तर पेंड श्रेष्ठ ठरते, आणि पेंड विकत घ्यावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की, शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ आकारावरून ठरत नाही. त्यात घालावयास भांडवल व अवजारे किती, यावरून ठरते. खतालाही आम्ही हीच कसोटी लावतो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांकडे गायरानातला एखाद-दुसरा एकर आहे, पण दावणीला जनावर नाही.

कोरडवाहू जमिनीस हेक्टरी ५ टन शेणखत सांगितले जाते. ते घरच्या गोठ्यातून न आल्यास बाहेरून विकत आणणे आले. शिवाय उन्हात उघड्या पडलेल्या उकिरड्यातून नत्र उडून जाते, आणि अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणी शेतात शिरते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक शब्द नोंदवावासा वाटतो : सोनखत. मानवी विष्ठेच्या खताला भाषेने सोन्याचे नाव दिले. मात्र ती डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या वाट्याला विटाळ आला. पीक एकाचे आणि पाटी दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे 'जुनी सेंद्रिय शेती' या गौरवाकडे आम्ही थोडे सावधपणेच पाहतो.

जनावराविना खत करण्याचे मार्ग आहेत. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे विकसित केलेली कंपोस्टची पद्धत काडीकचऱ्यास सुमारे तीन महिन्यांत खतरूप देते. तिला थोडे शेण, ओलावा आणि ढीग वरचेवर उलथण्याचे श्रम लागतात. गांडूळखतास सावली व नियमित पाणी हवे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर ते टिकणे कठीण.

आमचा कौल हिरवळीच्या खताला आहे. ताग शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात. एकरी २० ते २५ किलो बी पेरून सहा-सात आठवड्यांनी, फुलोरा येऊ लागताच तो गाडावा. चोपण किंवा पाणथळ जमिनीत धैंचा बरा. अडचण एकच, पण मोठी : एकाच पिकाच्या कोरडवाहू शेतात तागासाठी हंगाम कसा सोडावा? अशांनी कपाशीच्या ओळींमध्ये ताग घेऊन फुलोऱ्याआधीच तो तेथे गाडावा आणि पावसाळ्याच्या आरंभी बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावाव्यात. झाड पुन्हा पुन्हा फुटते. त्याचा कोवळा पाला दरवर्षी कापून जमिनीत मिसळता येतो, आणि बांधावर असल्याने पिकाची जागाही जात नाही.