मुंग्या आणि चौकोन

पुण्यात एके काळी वाड्यांच्या कौलांवरचे सगळे अँटेने एकाच दिशेला तोंड करून उभे असत, नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे. १९७२च्या गांधीजयंतीला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यातही दिसायला लागलं. तेव्हापासून सिनेमाच्या आधी घरोघरी एक ठरलेला कार्यक्रम असायचा. एक जण कौलावर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. "दिसतंय का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आता डबल दिसतंय. थांब थांब, हलू नकोस!" हे खालून वर पोचेपर्यंत वरचा माणूस हललेला असे.

माझ्या आत्याच्या घरी कौलावर चढायचं काम माझ्याकडे होतं. पुढे केबल आली आणि ते संपलं. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २०१३च्या मार्चमध्ये, केबलवाला तिच्या दारात एक काळा डबा घेऊन उभा राहिला. "काकू, महिनाअखेर शेवटची तारीख. त्यानंतर बॉक्सशिवाय काही दिसणार नाही." तो थापा मारत नव्हता. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली होती, मुंबईसह चार महानगरांची मुदत २०१२च्या ऑक्टोबरअखेर संपली होती आणि दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख होती. त्यात पुणे होतं, नाशिक, नागपूर, सोलापूरही होतं.

आत्याने त्याला चहा दिला, बॉक्स घेतला नाही. मला फोन केला. "अरे, आत्ता जे दिसतंय त्यात वाईट काय आहे? पावसापाण्यात थोड्या मुंग्या येतात, पण माणसं दिसतात ना! जोशीबाईंकडे तो बॉक्स घेतलाय. त्यांच्याकडे एकतर काचेसारखं लख्ख दिसतं, नाहीतर काहीच दिसत नाही. मधलं काही नाहीच."

मी तेव्हा तिला 'काळाबरोबर चाललं पाहिजे' छापाचं काहीतरी ऐकवलं. आता वाटतं, ॲनालॉग आणि डिजिटलमधला सगळा फरक तिने तीन वाक्यांत सांगितला होता आणि माझ्या ते लक्षात आलं नाही.

ॲनालॉग म्हणजे नक्कल. पडद्यावर जिथे उजेड जास्त हवा, तिथे विद्युत संकेताची पातळीही त्या प्रमाणात बदललेली. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. वाटेत या संकेतात जे काही मिसळेल, ते टीव्ही निमूटपणे पडद्यावर दाखवतो. खरं काय, खोटं काय, हे ओळखायचं साधन त्याच्याकडे नसतं. संकेत थोडा क्षीण झाला, तर थोड्या मुंग्या. जास्त क्षीण झाला, तर जास्त मुंग्या. मुंग्यांच्या वारुळातूनसुद्धा बातम्या देणारी बाई ओळखू येते, कारण राहिलेलं काम आपला मेंदू करतो. गर्दीत ओळखीचा आवाज शोधायची त्याला सवयच आहे.

या मुंग्यांमध्ये शंभरातली साधारण एक थेट विश्वाच्या जन्मकाळातून आलेली असे, हे जाता जाता सांगायला हवं. महास्फोटानंतर उरलेलं क्षीण प्रारण सगळीकडून येत असतं आणि कौलावरचा अँटेनाही ते पकडतो. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आपल्या मोठ्या अँटेन्यातली खरखर काही केल्या घालवता येईना. त्यांनी त्यात बसलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा साफ करून पाहिली. ती खरखर म्हणजेच हे प्रारण. पुढे त्याबद्दल दोघांना नोबेल मिळालं. आपण तेच बघत 'काय कटकट आहे' म्हणून टीव्हीवर थापट्या मारत होतो.

'डबल दिसण्या'ची गोष्ट तर याहून गमतीची. अँटेन्याच्या मागे एखादी उंच इमारत उभी राहिली की सिंहगडाकडून आलेली लहर एकदा सरळ पोचे आणि एकदा त्या इमारतीवर आपटून परत येताना. दुसरी थोडी उशिरा येई, म्हणून तिचं चित्र पडद्यावर थोडं उजवीकडे उमटे. बातम्या देणाऱ्या बाईंना दुसरं नाक फुटे. आता हिशोब करू. एका ओळीच्या ६४ मायक्रोसेकंदांपैकी चित्राचे असतात ५२. जुन्या टीव्हीचा पडदा ४० सेंटिमीटर रुंद धरला, तर एक मायक्रोसेकंद म्हणजे पडद्यावर जेमतेम ८ मिलिमीटर. तेवढ्या वेळात लहर ३०० मीटर जाते. म्हणजे दुसरं नाक पहिल्यापासून ८ मिलिमीटरवर असेल, तर मागची इमारत जाऊन-येऊन ३०० मीटर, अर्थात दीडशे मीटरवर आहे. शाळेतली फूटपट्टी पडद्याला लावून आपल्या मागे कुठे बांधकाम झालंय ते मोजता येत होतं! ॲनालॉग चित्र बिघडायचं, पण का बिघडलं हेही सांगायचं.

मग हे सगळं सोडून डिजिटल कशाला? कारण ॲनालॉग कमालीचा उधळ्या होता. ६४ पैकी ५२ मायक्रोसेकंद चित्राचे, उरलेले बारा इलेक्ट्रॉनांची शलाका पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत नेण्यासाठी. ६२५ ओळींपैकी चित्राच्या सुमारे ५७६. गुणाकार केला तर जवळजवळ पाव वेळ काहीच दाखवलं जात नव्हतं. शिवाय बाईंच्या मागचा निळा पडदा तासभर हलत नसला, तरी तो सेकंदाला २५ वेळा पहिल्यापासून पाठवायचा. एका वाहिनीला ७ ते ८ मेगाहर्ट्झचा पट्टा लागे. तेवढ्याच पट्ट्यात केबलच्या तारेतून डिजिटल पद्धतीने दहा-बारा वाहिन्या सहज जातात.

सरकारच्या घाईमागे हे होतंच, पण एवढंच नव्हतं. ॲनालॉग केबलच्या तारेला कोण बघतंय हे कळायची सोय नव्हती. गल्लीत जोडण्या तीनशे असल्या, तरी वर किती सांगायच्या हे केबलचालकाच्या मनावर. बॉक्स आला की प्रत्येक घराला नंबर आला. डिजिटलचा प्रचार चित्राच्या स्पष्टतेवर झाला, पण खरी निकड होती ती डोकी मोजण्याची, असं माझं मत आहे. ते गैर नव्हतं. फक्त आत्यासारख्यांना कुणी ते सरळ सांगितलं नाही.

आता चौकोनांकडे. साधं डिजिटल चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६, सव्वाचार लाखांच्या आसपास ठिपके. सेकंदाला २५ चित्रं आणि ठिपक्यामागे १६ बिट धरले, तर सेकंदाला साडेसोळा कोटी बिट होतात. प्रत्यक्षात एका वाहिनीला मिळतात वीस ते चाळीस लाख. बाकीचे टाकून द्यायचे, तेही बघणाऱ्याला कळू न देता. यासाठी चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातला ढोबळ उजेड-अंधार नीट जपायचा आणि डोळ्याला फारशी न जाणवणारी बारीक नक्षी सोडून द्यायची. ज्या गणिताने हे साधतं, ते बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ साली त्यांनी यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितलं आणि ते नाकारलं गेलं. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो त्याच गणितातून जातो.

दुसरी काटकसर वेळेची. पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं, मधल्या वेळात फक्त 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढं कळवायचं. निळा पडदा तोच, बाईंचे ओठ हलले. वाहिनी बदलल्यावर बॉक्स क्षणभर काळा पडतो तो याचमुळे. तो पुढच्या पूर्ण चित्राची वाट बघत असतो. आणि संकेत तुटला की पडद्यावर चौकोन दिसतात, तेही हेच. शिंप्याने आतून लपवलेली शिवण उसवल्यावर दिसावी, तसे हे नासिर अहमदांचे चौकोन.

पण संकेत थोडासा तुटला, तर थोडेसे चौकोन का येत नाहीत? जोशीबाईंच्या टीव्हीत 'मधलं' का नाही? उत्तर चूक-दुरुस्तीत आहे. दुकानाच्या पाटीवरचं एखादं अक्षर पडलं, 'अमृततु_्य चहा' एवढंच उरलं, तरी आपण ते बरोबर वाचतो, कारण शब्दात गरजेपेक्षा जास्त माहिती असते. डिजिटल टीव्हीतही मुद्दाम जास्तीची माहिती घातलेली असते. दर १८८ बाइटांमागे १६ बाइट नुसत्या पडताळ्याचे, एकूण २०४. रीड आणि सॉलोमन या दोन गणित्यांची ही १९६०ची युक्ती. या २०४ पैकी कुठलेही ८ बाइट खराब झाले, तरी बॉक्स ते अचूक भरून काढतो. अंदाजाने नव्हे, अगदी अचूक. म्हणून एक चूक असो, पाच असोत की आठ, चित्र तेवढंच लख्ख. नववी झाली की गणित हात टेकतं. कड्यापर्यंत सपाट पठार आणि पुढे एकदम दरी, असा हा सह्याद्रीतल्यासारखा प्रकार आहे.

आत्याने शेवटी बॉक्स घेतला, एप्रिल उजाडल्यावर, शेजारच्यांनी घेतला म्हणून. तिची कायमची तक्रार चित्राबद्दल राहिली नाही. ती दोन रिमोटांबद्दल होती (आवाज कुठल्याने वाढवायचा हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही) आणि विकेटीबद्दल. मुदत उलटली तरी खालच्या मजल्यावर अजून जुनीच जोडणी चालू होती. तिथे आधी ओरडा व्हायचा आणि मग एक-दोन सेकंदांनी आत्याच्या टीव्हीवर दांडी उडायची. चित्र दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो, त्याचा हा परिणाम. जुना डबा टीव्ही मात्र तोच राहिला. त्याला डिजिटल कळतच नाही. बॉक्स सगळं उलगडून पुन्हा ॲनालॉग करतो आणि पिवळ्या वायरीतून त्याला भरवतो. शेवटचे दोन फूट जुनाच कारभार.

आज केबल पूर्ण डिजिटल आहे आणि दूरदर्शनने देशभरातली बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपणं २०२२पर्यंत थांबवली. घ्यायचं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. उरलाय तो केबलची तार की डिशची छत्री, हा. कोकणात तो खरोखर विचार करण्यासारखा आहे. घरच्या छत्रीला येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. धो धो पावसातले काही मिलिमीटरचे थेंब अशा लहरी चांगल्याच शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या मोठ्या छत्र्या बहुधा सुमारे साडेसात सेंटिमीटरच्या लहरी घेतात, त्यांना पाऊस फारसा बाधत नाही. त्यामुळे तार टिकत असेल, तर आषाढात ती बरी. पण झाडं पडून तार महिन्यातून चारदा तुटणार असेल, तर छत्रीला पर्याय नाही.

चिपळूणला माझ्या चुलतभावाकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. तिचा उपग्रह विषुववृत्तावर पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, म्हणजे चिपळूणहून आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर. छत्री मात्र शेजाऱ्याच्या माडाच्या बुंध्याकडे बघत असल्यासारखी दिसते, कारण तिचा ग्राहक मधोमध नसून खालच्या अंगाला असतो आणि ती बघते कुठे हे तिच्या तोंडावरून कळत नाही. मागच्या मे महिन्यात गेलो, तेव्हा सहज बॉक्सच्या मेन्यूत जाऊन संकेताची प्रत पाहिली. ६२.

"वानरं लोंबकळतात रे तिला," भाऊ म्हणाला. "पण बघ ना, चित्र एकदम क्लीअर आहे. आणि ६२ म्हणजे फर्स्ट क्लास."

चित्र क्लीअर होतं हे खरंच. मुंग्या असत्या तर त्यांनी मार्चमध्येच सांगितलं असतं की छत्री सरकलीय. आता सांगणार होता तो मृगाचा पहिला जोरदार पाऊस, तोही ऐन मालिकेच्या वेळी. मी पाना घेऊन पत्र्यावर चढलो. पुतणी खिडकीत, भाऊ टीव्हीसमोर. "किती?" "५८!" "आता?" "७०!" बोटभर आणखी पूर्वेला. "८१! थांब काका, हलू नकोस!"

नट आवळून खाली आलो. भाऊ खूश होता. "डिस्टिंक्शन," म्हणाला आणि मेन्यू बंद केला. पडद्यावरचं चित्र आधी होतं तसंच होतं.