चिनी निर्यात-चांदीवरील कारागीर-मुद्रांची ओळख : मुंबई व ग्रामीण ठाणे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मुंबई व कँटन यांच्यातील व्यापार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत गेला. मुंबईहून कापूस आणि पुढे माळव्याची अफू जाई. परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी व चांदीच्या वस्तू येत. सर जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या होत्या. या व्यापारातून पारशी घराण्यांत 'गारा' साडी जशी आली, तशीच चांदीची तबके, पेले व चहादाण्याही आल्या. अशी वस्तू वारसांच्या वाटणीत मोडीत निघाली की तिच्या बुडाशी असलेला छाप वितळतो आणि तिची हकिकतही संपते.

शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडील सोनारही दागिन्याच्या आतील बाजूस आपली आद्याक्षरे ठोकतो. ही हमी त्याची स्वतःची असते, शासनाची नव्हे. चिनी छापाचे मर्मही नेमके हेच आहे.

छापाचे स्वरूप :

इंग्लंडमध्ये चांदीची शुद्धता तपासणारी अधिकृत कार्यालये होती. तेथे चालत्या सिंहाचा छाप १५४४ पासून, तर कर भरल्याचे दर्शविणारा राजमुखाचा छाप १७८४ ते १८९० या काळात उमटविला जाई. चीनमध्ये निर्यातीच्या चांदीसाठी अशी यंत्रणा नव्हती. आरंभीच्या काळात कँटनच्या कारागिरांनी इंग्रजी छापांचीच नक्कल केली. सिंह ओबडधोबड, राजमुख धूसर, अक्षरे कधी उलटी. यास सरसकट फसवणूक म्हणणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना सवयीची असलेली खूण देण्याचा तो प्रयत्न होता. मात्र केवळ छापावर विसंबणारा अभ्यासक अशी वस्तू लंडनची ठरवितो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापाची निराळी पद्धत रूढ झाली. रोमन आद्याक्षरे, चिनी अक्षरे आणि बऱ्याचदा '९०' हा अंक असे तीन घटक तीत आढळतात. 'डब्ल्यू एच' म्हणजे कँटन व हाँगकाँग येथील वांग हिंग, 'एल डब्ल्यू' म्हणजे शांघायची लुएन वो. येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. रोमन अक्षरे सामान्यतः विकणाऱ्या पेढीची असतात. वस्तू घडविणाऱ्या कार्यशाळेची खूण चिनी अक्षरांत असते. त्यामुळे एकाच कार्यशाळेची खूण दोन वेगळ्या पेढ्यांच्या नावांसोबत सापडू शकते. 'वांग हिंगने घडविलेले तबक' असे लिहिण्यापेक्षा 'वांग हिंग पेढीचे तबक' असे लिहिणे अधिक बरोबर. '९०' हा अंक शेकडा नव्वद शुद्धतेचा दावा करतो. व्यापारात चीनमध्ये येणाऱ्या स्पॅनिश व मेक्सिकन डॉलरची शुद्धताही सुमारे तेवढीच होती आणि हीच नाणी वितळवून भांडी घडविली जात. 'चायना' हा शब्द रोमन लिपीत असल्यास वस्तू बहुधा १८९० नंतरची समजावी. त्या वर्षीच्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केले.

भारतातही ब्रिटिश काळात छाप सक्तीचा नव्हता. 'ओ.एम. भुज' हा कच्छच्या उमरसी मावजी यांचा प्रसिद्ध छाप वैयक्तिकच होता. भारतीय मानक ब्यूरोचा चांदीवरील सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक १ सप्टेंबर २०२५ पासून, तोही ऐच्छिक स्वरूपात, सुरू झाला.

नोंदणीची पद्धत :

छाप हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. बूड झिजलेले पण छाप मात्र कोरा करकरीत असेल, तर तो नंतर ठोकलेला असण्याचा संभव धरावा. 'ई पी एन एस' ही अक्षरे असलेली वस्तू चांदीची नसून निकेलमिश्रित धातूवर चांदीचा मुलामा दिलेली असते. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये तर नावापुरतीही चांदी नसते.

हीच दृष्टी आपल्या तालुक्यांतील ठाकूर, कातकरी व कुणबी घरांतील जुन्या वाळ्या-तोड्यांना लावता येईल. हे दागिने अडचणीच्या वेळी गहाण पडतात, मोडले जातात. त्यांवरील सोनारांची आद्याक्षरे कोठेही नोंदविलेली नसल्यास तालुक्यातील कारागिरीचा माग काढणे अशक्य होते. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांकडून हे काम अल्प खर्चात होऊ शकेल. दहापट भिंग, तिरपा प्रकाश, मोजपट्टीसह छायाचित्र आणि वजन एवढे पुरेसे आहे. दागिना त्यापूर्वी घासून उजळू नये, कारण झिजलेला छाप घासण्याने कायमचा पुसला जातो. नोंदवहीत प्रथम अक्षराचा आकार जसा दिसतो तसाच काढावा. त्याचा अर्थ शेजारच्या रकान्यात, पेन्सिलीने लिहावा.