चाकूच्या मुठीतले हाड आणि शिंग

घडीचा चाकू घेताना आपण पाते पाहतो, धार पाहतो, उघडमीट नीट होते का ते पाहतो. मुठीकडे लक्ष जाते ते शेवटी, आणि तेही दिसण्यापुरते. खरे तर हाताला सतत लागते ती मूठ. इंग्लंडमधील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन, फ्रान्समधील तिएर या चाकूंसाठी नावाजलेल्या गावांत प्लॅस्टिक येण्यापूर्वी मुठीच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या, नाहीतर हाड, शिंग, शिंपला, हस्तिदंत यांच्या पट्ट्या बसवीत. हस्तिदंत सोडले तर बाकीचे आजही वापरात आहेत. यांतला एकही पदार्थ चाकूसाठी घडलेला नाही. प्राण्याच्या अंगावर प्रत्येकाचे काम वेगळे होते, आणि मुठीत तो कसा वागेल हे त्या मूळ कामावरूनच बरेचसे ठरते.

आधी एक घोटाळा दूर करू. सांबराच्या डोक्यावर असते त्यालाही मराठीत शिंग म्हणतात आणि म्हशीच्या डोक्यावर असते त्यालाही. वस्तू मात्र दोन आहेत. सांबर, चितळ यांचे शिंग म्हणजे सबंध हाड. ते फक्त नराला येते, ठरावीक काळाने गळून पडते आणि पुन्हा नवे फुटते. म्हैस, बैल, शेळी आणि काळवीटसुद्धा, यांचे शिंग जन्मभर टिकते. त्याच्या आत हाडाचा गाभा असतो आणि वर खोळ. कारागिराच्या कामाची ती खोळ, आणि ती असते केरॅटिनची, म्हणजे आपल्या नखा-केसांतल्या प्रथिनाची. पोळ्याला बैलाची शिंगे साळतात तेव्हा त्याला दुखत नाही ते यामुळेच. खोळ निघाली की गाभ्यातून रक्त येते, हे खेड्यातल्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको.

आता हाड. त्यात कोलॅजेन या प्रथिनाचे धागे असतात आणि त्यांच्यात कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीच्या खनिजाचे बारीक स्फटिक भरलेले असतात. वर्गात हे सहज दाखवता येते. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्या. एक व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा आणि मधे दोनतीनदा व्हिनेगर बदला. आम्लात खनिज विरघळते आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते. दुसरे उघड्यावर निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत जाळा. प्रथिन जळते, आकार तसाच राहतो, पण बोटांनी दाबले की चुरा होतो. कडकपणा खनिजाचा आणि चिवटपणा प्रथिनाचा, हे दोन्ही हाडे शेजारी ठेवली की मुलांच्या लगेच ध्यानात येते.

या मिश्रणाचे प्रमाण बदलले तर काय होते? जॉन करी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७९ साली तीन हाडांची तुलना प्रसिद्ध केली. खनिजाचे प्रमाण हरणाच्या शिंगात सुमारे ५९ टक्के, गाईच्या मांडीच्या हाडात ६७ टक्के आणि देवमाशाच्या कानातील हाडात ८६ टक्के भरले. हाड मोडताना दर चौरस मीटर भंगाला खर्ची पडणारी ऊर्जा मात्र अनुक्रमे सुमारे ६,२००, १,७०० आणि २०० ज्यूल होती. कानातल्या हाडाला आवाज पोचवायचा असतो, तिथे कडकपणा हवा. त्याच्यावर कोणी टक्कर देत नाही. मांडीच्या हाडाने वजन पेलायचे, म्हणून ते मधले. हरणाचे शिंग झुंजीसाठीच असते. ते थोडे वाकले तरी चालेल, तुटता कामा नये.

हातातून पडणाऱ्या, खिशात किल्ल्यांवर आपटणाऱ्या चाकूला हाच गुण हवा. शेफील्डच्या कारागिरांनी हे आकडे पाहिले नव्हते, तरी एकोणिसाव्या शतकापासून ते भारतातून सांबरशिंगे मागवीत असत. हरणाच्या शिंगाचा मध्य जाळीदार, स्पंजासारखा असतो आणि पट्टी कापताना तो उघडा पडतो. सांबराच्या शिंगात हा भाग कमी आणि भोवतालचे घट्ट हाड जाड, त्यामुळे पट्टी भरीव निघते. वरची नैसर्गिक खडबडीत साल तशीच ठेवली की ओल्या हातातूनही चाकू निसटत नाही. अमेरिकी चाकूंवर गुरांच्या नडगीच्या हाडावर बारीक खाचा पाडलेल्या दिसतात, ती या सालीचीच नक्कल. नडगीचे हाड स्वस्त आणि सरळ असते, पण रिव्हेटच्या भोकापासून लांबीच्या दिशेने चिरते. चाकूची मूठ खरी हाडाची आहे का, हे भिंगातून कळते. रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या कापल्या जाऊन काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. प्लॅस्टिकमध्ये त्या नसतात.

शिंपल्याची चकाकी सुरेख, पण पातळ पट्टी फरशीवर पडली की संपली. शिवाय तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. हस्तिदंताचा विचारच करायला नको. आशियाई हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७५ पासून आणि आफ्रिकी हत्तीच्या दाताचा १९८९ च्या निर्णयाने बंद झाला.

सांबरशिंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारताने त्याची निर्यात १९९८ साली बंद केली. यावर नेहमी विचारले जाते, की शिंग आपोआप गळते, जनावर मरत नाही, मग बंदी कशाला? गळलेल्या शिंगाचे बूड गोलसर, खरबरीत असते, तर मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला राहतो. म्हणजे अख्खे शिंग असेतोवर फरक कळतो. पट्ट्या कापल्यावर तो कोण ओळखणार? बाजार चालू राहिला तर शिकारीचा माल गळलेल्या शिंगांच्या ढिगात सहज खपतो. शिवाय पडलेले शिंग जंगलात वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळवते. वनसहलीत विद्यार्थ्याला शिंग सापडलेच तर दातांच्या खुणा जरूर पाहाव्यात आणि ते जागीच ठेवावे. परवानगीवाचून घरी आणणे कायद्यात बसत नाही.

उरते म्हशीचे शिंग, आणि आमचे मत त्याच्याच बाजूने आहे. ते कत्तलखान्यात उपउत्पादन म्हणून मिळते. उत्तर प्रदेशातील संभलजवळच्या सराय तरीन गावात शिंगकामाचा मोठा व्यवसाय त्यावर चालतो. शिंगाच्या फण्या आपल्याकडे अनेक घरांत होत्या. केरॅटिन तापवले की मऊ पडते, दाबून सपाट करता येते आणि थंड झाल्यावर तोच आकार धरते. दाबाची ही खटपट टाळायची तर टोकाकडचा भरीव भाग घ्यावा, तो जास्त टिकतो.

त्याची खोड एकच, पाणी. शिंग ओल शोषते, फुगते आणि वाळताना वाकते, म्हणून चाकू पाण्यात पडून राहू देऊ नये, धुतल्यावर लगेच पुसावा आणि अधूनमधून मुठीवर तेलाचे बोट फिरवावे. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेल्या मुठीला कधी कधी बारीक खळगे पडलेले दिसतात. ते काम चामडे आणि लोकर खाणाऱ्या किड्यांचे. केरॅटिन त्यांचे अन्नच आहे.