सुरू होते, मग बंद का पडते?

परळ आणि दादर यांच्या मधला हिंदमाता परिसर मुंबईच्या पावसाळ्यात दरवर्षी चर्चेत येतो. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. महापालिकेने २०२१ नंतर परळ आणि दादर येथील मैदानांखाली पाणी साठवण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या, तेव्हापासून या पाण्याला काही काळ थांबायला जागा मिळाली. तरीही मध्य मुंबईतल्या जुन्या चाळींत आणि इमारतींत तळमजल्याच्या खोल्या, दुकाने व पाण्याच्या पंपाची खोली यांत पाणी शिरण्याची धास्ती असतेच. पाणी चढले की विजेचा धक्का बसू नये म्हणून वीज बंद करावी लागते आणि विजेवरचा पंप निरुपयोगी ठरतो. अशा वेळी पेट्रोलच्या छोट्या इंजिनावर चालणारा पंप बाहेर काढला जातो. आठ-नऊ महिने तो जिन्याखाली पडून असतो. दोरी ओढली की तो सुरू होतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि दोन मिनिटांत तो बंद पडतो.

हीच तक्रार बागेतील गवत कापण्याच्या यंत्राविषयी, डास मारण्यासाठी धूर सोडणाऱ्या यंत्राविषयी आणि गणेशोत्सवातल्या जनरेटरविषयीही ऐकू येते. या सर्वांच्या पोटात साधारण एकाच जातीचे इंजिन असते. म्हणून हा दोष कसा शोधावा याचा आपण येथे थोडा विचार करू. त्यासाठी लागणारे विज्ञान शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

प्रश्न नीट मांडू या

मुळीच सुरू न होणारे इंजिन आणि सुरू होऊन बंद पडणारे इंजिन हे दोन वेगळे रोगी आहेत. इंजिन चालायला योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी एवढ्या गोष्टी लागतात. इंजिन क्षणभर जरी चालले, तरी त्या क्षणी या सर्व गोष्टी हजर होत्या हे सिद्ध होते. तेव्हा ‘काय बिघडले?’ असे विचारण्याऐवजी ‘सुरुवातीला जे मिळत होते, त्यातले नंतर काय मिळेनासे झाले?’ असे विचारावे. प्रश्न असा बदलला की शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते.

पहिले उपकरण म्हणून घड्याळ घ्यावे. इंजिन किती वेळाने बंद पडते ते मोजावे. दुसरे उपकरण आपला कान. इंजिन आचके देत, मंद होत बंद पडत असेल तर बहुधा पेट्रोल किंवा हवा यांची अडचण असते. बटण दाबल्यासारखे ते एकदम थांबत असेल तर संशय ठिणगीवर घ्यावा.

दोन मिनिटांचा हिशेब

पेट्रोल टाकीतून थेट सिलिंडरमध्ये जात नाही. ते आधी कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत साठते. या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट पुन्हा मोकळी होते. घरच्या पाण्याच्या टाकीतला गोळ्याचा कॉक असाच चालतो. वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या अगदी बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते.

समजा, पंपाचे इंजिन ताशी दीड लिटर पेट्रोल घेते. म्हणजे मिनिटाला २५ मिलिलिटर. वाटीत ५० मिलिलिटर पेट्रोल मावत असेल, तर टाकीकडून थेंबही न येता इंजिन सुमारे दोन मिनिटे चालेल. म्हणून जे इंजिन प्रत्येक वेळी दोनेक मिनिटे चालून आचके देत थांबते आणि थोडी विश्रांती दिल्यावर पुन्हा तेवढेच चालते, ते बहुधा वाटीतल्या शिल्लकीवर जगत असते. अडथळा वाटीच्या अलीकडे, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो. पेट्रोलचा कॉक अर्धवट उघडला असेल, गाळणीत कचरा अडकला असेल, रबरी नळी दुमडली असेल किंवा टाकीच्या झाकणातले छिद्र बुजले असेल.

झाकणाचे छिद्र

या यादीतले शेवटचे कारण तपासायला सर्वांत सोपे आहे आणि तेच लोक विसरतात. टाकीतून पेट्रोल खाली गेले की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की आतल्या हवेला जास्त जागा व्यापावी लागते व तिचा दाब कमी होतो. हा बॉइलचा नियम.

किती कमी झाला की प्रवाह थांबेल? टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरच्या २० सेंटिमीटर वर आहे असे धरू. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने एवढ्या उंचीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का भरतो. म्हणजे आतला दाब दीड टक्क्याने घटला तरी पेट्रोल खाली उतरणे थांबेल. टाकीत दोन लिटर हवा असेल तर हिशेबाने ३० मिलिलिटर पेट्रोल बाहेर गेले की पुरे. पेट्रोलची वाफ यातील थोडी तूट भरून काढते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा मोठा येतो. पण तर्क तोच राहतो. त्यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवा थोडी असते, आणि दाब लवकर घटतो. म्हणजे छिद्र बुजलेले असताना भरलेल्या टाकीचे इंजिन अर्ध्या टाकीच्या इंजिनापेक्षा लवकर बंद पडण्याची शक्यता असते!

तपासणी अशी: इंजिन बंद पडताच झाकण सैल करावे. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि इंजिन पुन्हा नीट चालू लागले, तर दोष सापडला.

वर्गात करायचा प्रयोग

पेट्रोल वर्गात मुळीच आणू नये. हा प्रयोग पाण्यावर उत्तम होतो. काचेची किंवा जाड, न दबणारी एक लिटरची बाटली घ्या. तिच्या तळाजवळ बारीक नळी घट्ट बसवा; सलाईनची न वापरलेली नळी चालते. नळीचे टोक पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर ठेवा. बाटली अर्धी भरून बूच घट्ट लावा, नळी सोडा आणि प्रवाह थांबेपर्यंत किती पाणी आले ते मोजपात्रात मोजा. ५०० मिलिलिटर हवा असेल तर सुमारे १० मिलिलिटर पाणी यावे. मग बाटली जवळजवळ भरून, आत ५० मिलिलिटरच हवा ठेवून, हेच करा. या वेळी पाणी किती यावे, याचे उत्तर विद्यार्थ्यांना आधी वहीत लिहायला सांगा. नंतर बूच सैल करून प्रवाह पुन्हा सुरू होतो हे दाखवा. मऊ प्लॅस्टिकची बाटली वापरली तर तिच्या भिंती आत का ओढल्या जातात, हा प्रश्नही विचारता येईल.

जेट आणि साठवलेले पेट्रोल

इंजिन काही सेकंदांतच बंद पडत असेल, किंवा चोक ओढलेला असेपर्यंतच चालत असेल, तर जेट बुजले असण्याचा संभव मोठा. चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोकवरच चालणारे इंजिन जणू सांगत असते की मला पेट्रोल कमी पडते. महिनोन्महिने वाटीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्र बुजायला तेवढा पुरतो.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि मुंबईच्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळते. मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतो. वाटीचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले तर हा थर डोळ्यांना दिसतो. शिवाय एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर अशा मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. त्यामुळे जुन्या जेटच्या इंजिनाला मिश्रण आधीच थोडे विरळ मिळते. त्यात जेट अर्धवट बुजले की इंजिन थांबतेच.

याउलट इंजिन काळा धूर सोडत गुदमरत असेल तर हवा कमी पडते आहे. हवेची गाळणी उघडून पाहावी. शिवाजी पार्कसारख्या तांबड्या मातीच्या मैदानावर काम करणाऱ्या यंत्राची गाळणी लवकर भरते.

ठिणगी आणि तेल

पंधरा-वीस मिनिटे नीट चालून इंजिन एकदम थांबत असेल आणि गार झाल्यावरच सुरू होत असेल, तर ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे पाहावे. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि वेटोळ्यातला तडकलेला सांधा सुटतो. गार झाला की पुन्हा जुळतो. ठिणगी तपासायची ती इंजिन बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच. हे काम जाणकार मेकॅनिकने, सांडलेले पेट्रोल पुसून, उघड्या जागी करावे. काही इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी तोडणारा फ्लोट असतो. अशा इंजिनाचा पंप उतारावर कलता ठेवला, तरी ते अचानक थांबू शकते.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग इंजिन चालवून पाहावे. झाकण, गाळणी आणि प्लग एकदम बदलले, तर इंजिन चालेल कदाचित, पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि पुढल्या वर्षी तोच शोध पहिल्यापासून करावा लागेल.

एक धोका

पाऊस लागू नये म्हणून असे इंजिन जिन्याखाली, बोळात किंवा बंद खोलीत चालवण्याचा मोह होतो. हे जिवावर बेतू शकते. अपुऱ्या हवेत पेट्रोल जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो आणि माणूस आरडाओरड न करता बेशुद्ध होतो. इंजिन नेहमी मोकळ्या हवेत, खिडक्या-दारांपासून दूर ठेवावे. पाण्याकडे लांब न्यायची ती पंपाची नळी.

पावसाळा संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाटी रिकामी होते; टाकीतले पेट्रोलही काढून घ्यावे. आणि मे महिन्यात, पाणी दाराशी येण्याच्या आधी, इंजिन एकदा दहा मिनिटे चालवून पाहावे. दोन मिनिटे पुरेशी का नाहीत, हे वरचा हिशेब केलेला विद्यार्थी सांगू शकेल.